पाठपोट

समितीच्या कागदावर पहिलाच रकाना:
मंडळी कुठे लावली?
लावली, म्हणजे रोप लावतात तशी.
उलानबातरला मी तीन वर्षं हेच शिकलो,
बियाणं, मशागत, पीक, सगळे शब्द शेतातले.
आणि मला पाठवलं बायानहोंगोरच्या माळावर,
जिथे जमीन उकरणं म्हातारे अजून अशुभ मानतात,
बुटाचं टोकसुद्धा वर वळवून शिवतात
की मातीला लागू नये.
तिथे कुणी काही लावत नाही.
उठतात, गेर उतरवतात, उंटावर लादतात
आणि गवताच्या मागे जातात.

पहिल्या रविवारी मी बोलायला उभा राहिलो.
त्सेरेनहंदबाईंनी माझी टोपी आणून हातात दिली.
त्यांच्याकडे उभा राहतो तो निघालेला पाहुणा.
अकरा मुद्दे खिशात ठेवून मी खाली बसलो,
मिठाचा चहा घेतला.
बारा वर्षांच्या तेमुलेननं एक पान वाचलं, अडखळत,
मग दाश्न्याम म्हणाला, आता तू सांग, काय ऐकलंस.
तू म्हणजे मी नव्हे.
तू म्हणजे सून, ओयूनगेरेल, चुलीत शेणी सारत होती ती.
तिनं सांगितलं. चुकलं तिथे सासूनं धरलं,
सासू चुकली तिथे नातवानं.
माझी पाळी आली तेव्हा मी अर्थ सांगू लागलो.
अर्थ नंतर, म्हातारा म्हणाला, आधी गोष्ट पुरी सांग.
मला पुरी येत नव्हती.

दुसरा रकाना: पाळकाचे नाव.
इथे सगळेच पाळक.
एकही जनावर नसलेला
मी एकटा.

त्या साली गवत आखूड निघालं.
दाश्न्यामनं ते चिमटीत चुरलं, म्हणाला, झुद येणार,
खुराला फुटणार नाही असा बर्फ.
एका दरीत सगळ्यांचं भागायचं नाही.
चार गेर दक्षिणेला, तीन डोंगराच्या कुशीत.
आणि पुस्तक एकच.
मी म्हटलं, शहरातून दुसरं मागवू.
रस्ता एप्रिलपर्यंत बंद.
मी म्हटलं, मग निदान मी,
तोवर त्सेरेनहंदबाईंनी सुरी काढली होती,
कातडं सोलायची.
माझ्या तोंडून काय निघालं ते अहवालात नको.
कण्यावरून एकदाच फिरवली.
अर्धं यांना, अर्धं त्यांना.
वसंतात भेटू तेव्हा आमचं आम्ही सांगू,
तुमचं तुम्ही. तोंडी.

फक्त एक पान अडलं.
एका बाजूला एक गोष्ट संपते,
दुसऱ्या बाजूला दुसरी सुरू होते.
उभं चिरलं असतं, आडवं चिरलं असतं,
पाठ आणि पोट कोण वेगळं करणार?
पाऊण तास वाद. चहा दोनदा.
शेवटी ओयूनगेरेलनं ते उचललं
आणि माझ्यापुढे धरलं.
घोडा देतो, म्हणाला दाश्न्याम. तपकिरी. चावतो.

त्या हिवाळ्यात नऊ फेऱ्या झाल्या.
डाव्या पायाची दोन बोटं गेली.
दोनशे मेंढ्यांतल्या साठ उरल्या.
दक्षिणेत कुणा परक्यांची जनावरं कळपात मिसळली,
न्यायला आलेले वादळात आठ दिवस अडकले,
आणि जाताना जनावरांबरोबर
तीन गोष्टी तोंडपाठ घेऊन गेले.
कुठे गेले, माहीत नाही.
स्थापनेचा दिनांक काय लिहू?

त्सेरेनहंदबाई फेब्रुवारीत गेल्या.
मे महिन्यात सगळे ओढ्याकाठी जमले
तेव्हा त्यांच्या वाटणीचं ओयूनगेरेलनं सांगितलं,
एक शब्द न गाळता,
आणि बाई जिथे नेहमी खोकायच्या
तिथे तीही खोकली.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

अहवाल परत आलाय. रकाने भरा म्हणतात.
ते पान माझ्या आतल्या खिशात आहे, चौघडी.
घडीवरची एक ओळ पुसून गेली.
दोन्हीकडच्यांना ती पाठ आहे,
पण हे एक सांगतात, ते दुसरं.
मला विचारतात, कुठलं खरं.
मी म्हणतो, पुन्हा सांगा.